दाराबाहेरचे दोघे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईला दुपार खायला उठते. लेक-जावई कामावर, नातू शाळेच्या उन्हाळी शिबिरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. युटाह राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला एका उपनगरात अशाच दुपारी दारावरची बेल वाजली. उघडून बघते तर दोन पोरगे. पांढरे शर्ट, टाय, नीट कापलेले केस, छातीवर काळी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. जुलैचं ऊन असं, की पायरीवर पापड वाळावेत. मी सवयीनं म्हटलं, "आत या, पाणी घ्या." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "घरात आणखी कोणी आहे का?" मी म्हटलं, नाही. तर दोघं एक पाऊल मागे सरकले! आत काही येईनात. शेवटी मीच दोन पेले बाहेर नेले. उभ्याउभ्या प्यायले, आभार मानले आणि गेले.

खरं सांगते, मला राग आला होता. दारी आलेला माणूस उंबरठा ओलांडत नाही म्हणजे काय? संध्याकाळी शेजारणीनं उलगडा केला. ते मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. घरात बाई एकटी असेल तर आत जायचं नाही, हा त्यांचा नियम. चौसष्टाव्या वर्षी आपल्यामुळे कुणाचा नियम मोडू शकतो, हे ऐकून मला थोडं बरंच वाटलं म्हणा ना!

मिशनरी म्हटलं की आपल्याला शाळा आठवतात, दवाखाने आठवतात, मराठी शिकून कोश आणि व्याकरणं लिहिणारे दाढीवाले साहेब आठवतात. हे तसले नव्हेत. ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. धर्मशास्त्राची पदवी नाही, पगार नाही. उलट आपल्या किंवा आईबापांच्या खिशातले पैसे घालून दोन वर्षं जायचं. कुठं जायचं ते चर्च ठरवणार. मुलींसाठी हा काळ दीड वर्षाचा, आणि त्यांना तो ऐच्छिक. मुलांकडून मात्र ते कर्तव्य म्हणूनच अपेक्षित. 2012 पर्यंत मुलांना एकोणिसाव्या वर्षी जाता यायचं, त्या वर्षी ते वय अठरावर आणलं. आज जगभर असे सत्तर हजारांहून जास्त तरुण-तरुणी फिरताहेत.

नावाबद्दल एक सांगायला हवं. "मॉर्मन" हा शब्द त्यांना आता नकोसा आहे. 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं, आमचं पूर्ण नाव घ्या, "द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स". एवढं नाव दर वाक्यात घेतलं तर माझी वेळ त्यातच संपेल, म्हणून ओळखीचा शब्द वापरते. शेजारीण मला माफ करील.

या शेजारणीचाच थोरला त्या उन्हाळ्यात निघाला होता. फिलिपिन्सला, मनिलाच्या बाजूला. त्याला टॅगालॉग भाषा शिकायची होती. घरापासून तासाभराच्या वाटेवर प्रोव्हो गाव आहे, तिथं त्यांचं प्रशिक्षण केंद्र. सहा आठवडे तो तिथं होता. पण घरी एक फेरी नाही, आणि आईनंही डबा घेऊन जायचं नाही. मला हे फार लागलं. परदेशी गेलेलं पोर समजू शकते, पण तासाभराच्या अंतरावरचं?

तिथंच त्याचं पहिलं नाव काढून घेतलं. आता तो "एल्डर" अमुक, पुढे फक्त आडनाव. एल्डर म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. मिसरूड नीट फुटलेलं नाही आणि पदवी वडीलधाऱ्याची! मुलींना "सिस्टर" म्हणतात.

दिवस कसा जातो? साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी, मग अभ्यास. स्वतःचा वेगळा, जोडीदाराबरोबरचा वेगळा, भाषेचा वेगळा. दहाच्या सुमारास बाहेर. दारं ठोठवायची, रस्त्यात लोकांशी बोलायचं, कुणाचं सामान उचलून द्यायचं, कुणाचं अंगण झाडून द्यायचं. आता हातात फोन असतो, त्यावरूनही माणसं गाठतात. रात्री साडेनऊच्या आत घरी, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मुलींबरोबर हिंडणं नाही. आठवड्यातला एक दिवस "तयारीचा", बहुतेक ठिकाणी सोमवार. कपडे धुणं, बाजार, केस कापणं आणि घरी फोन. हा फोनसुद्धा 2019 पासूनचा. आधी आठवड्याला ई-मेल आणि वर्षातून दोन फोन, नाताळाला एक नि मातृदिनाला एक. मनिलात सोमवारची सकाळ असायची तेव्हा आमच्याकडे रविवारची संध्याकाळ. शेजारीण पाच वाजल्यापासून ओट्याशी फोन उभा करून बसायची.

एका रविवारी तिनं मला मुद्दाम हाक मारली. पोरगा पडद्यावर मोठ्या अप्रूपानं सांगत होता, की इथं शॉवर नाही, बादलीत पाणी भरायचं आणि दांड्याच्या भांड्यानं अंगावर ओतायचं. आईच्या चेहऱ्यावर काळजी. मी म्हटलं, अगं बाई, आम्ही जन्मभर हेच करतो! मग तो म्हणाला, इथं चेहऱ्याला "मुखा" म्हणतात आणि शिक्षकाला "गुरो". मी खुर्चीतून उठलेच. मुख आणि गुरू! केव्हाचे, कोणत्या गलबतातून तिकडं गेलेले शब्द, ते युटाहच्या या गोऱ्या पोराच्या तोंडून मला परत ऐकायला मिळाले.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटली ती जोडीदाराची गोष्ट. मिशनरी कधीच एकटा नसतो. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, झोपायची खोलीसुद्धा एकच. तो निवडायचा अधिकार आपल्याला नाही. पत्रिका न बघता, मुलगी न दाखवता लावून दिलेलं लग्नच ते! फरक एवढाच, की दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. कधी जोडी मोडते, कधी आणखी सहा आठवडे पदरात पडते. याचा पहिला जोडीदार टोंगा बेटांवरचा होता. अघळपघळ माणूस, रात्री घोरायचा. दुसरा फिलिपिनो, अबोल, त्याची आई आजारी होती. शेजारणीचा पोरगा आईला सांगायचा, दिवसभर लोक तोंडावर दार लावतात त्याचं काही वाटत नाही, पण संध्याकाळी जोडीदार बोलेनासा झाला की खोली अंगावर येते. मी त्याचं धर्मपुस्तक मानत नाही, पण ही परीक्षा मात्र खरी मानते. धर्म दुसऱ्याच्या दारात सांगणं त्या मानानं सोपं. घोरणाऱ्या माणसाशेजारी तो रोज पाळायचा असतो.

त्या पुस्तकाचंही, "बुक ऑफ मॉर्मन"चंही, सांगते, कारण ते मला मिळालं होतं. जोसेफ स्मिथ नावाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याच्या मुलानं सांगितलं, की देवदूतानं मला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांचं हे भाषांतर. 1830 मध्ये ते छापलं आणि त्याच वर्षी एप्रिलच्या 6 तारखेला चर्च स्थापन झालं. त्याचाच भाऊ सॅम्युअल पाठीवर पुस्तकांची झोळी टाकून निघाला, तो पहिला मिशनरी. पुस्तकात प्राचीन अमेरिकेतल्या लोकांचा इतिहास आहे म्हणतात. पुरातत्त्वज्ञांना त्याचा पुरावा मिळालेला नाही. मी पन्नासेक पानं वाचली. "आणि असे झाले की" हे इतक्यांदा येतं की शिक्षिकेचा हात लाल पेन शोधायला लागतो. शेवटच्या प्रकरणात मात्र एक गंमत आहे. हे खरं का, ते देवालाच विचारा, असं सांगितलंय. त्यामुळे मिशनरी पुढच्या भेटीत विचारतात, प्रार्थना केलीत का? गृहपाठ तपासावा तसं! मी म्हटलं, प्रार्थना रोज संध्याकाळी दिवा लावून करते, पण हा प्रश्न मला पडलेलाच नाही. दोघी सिस्टर होत्या, खळखळून हसल्या.

हो, त्या दोघी जेवायला आल्या होत्या. वस्तीतल्या मिशनऱ्यांना आज कुणी, उद्या कुणी जेवू घालायचं, अशी चर्चमध्ये यादी फिरते. शेजारणीनं ती मला दाखवली आणि मला माझे आजोबा आठवले. पुण्यात वार लावून शिकले ते. सोमवार जोश्यांकडे, मंगळवार आणखी कुणाकडे. मी लेकीला न विचारता गुरुवार लावून टाकला. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. जेवणानंतर चहा विचारला, तर नको! 1833 सालच्या एका उपदेशात "गरम पेयं" नकोत असं आहे, त्याचा अर्थ त्यांनी चहा-कॉफी असा लावला. गार कॉफीही नाही चालत, कोला मात्र चालतो. हे गणित मला सुटलेलं नाही. मग गवती चहा आणि आलं उकळलं, चहापूड न घालता. बिनचहाचा चहा त्यांनी दोनदा मागून घेतला.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर, 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा यांचा एक स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढं पुण्याला आला. तेव्हाचे हे लोक पैशाची थैली न घेता निघायचे. जो घरात घेईल त्याच्याकडे राहायचं. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत थारा दिला नाही. मूठभर लोक मिळाले, आणि काही वर्षांत तो परत गेला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यातल्या दारांनी त्यालाही पायरीवरच ठेवलं असणार. पाणी तरी दिलं असेल अशी आशा आहे.

सगळं गोड नाही. या चर्चनं 1890 मध्ये बहुपत्नीत्व सोडायचं जाहीर केलं, आणि काळ्या पुरुषांना पुरोहितपद द्यायला 1978 उजाडलं. शेजारीण ते लपवत नव्हती, पण त्यावर बोलताना आवाज खाली जायचा. आणखी एका घरातला मुलगा मन खचून पाच महिन्यांत परत आला होता. कुणी वाईट बोललं नाही. फक्त भेटेल तो विचारायचा, "अरे, लवकर आलास?" त्यानं रविवारी चर्चमध्ये जाणं बंद केलं. माझ्या पोळ्या त्यालाही आवडायच्या. तो अमेरिकेच्या बाहेरचं काही बोलायला मिळालं की बसायचा.

ही मंडळी "माझा विश्वास आहे" असं म्हणत नाहीत. "मला माहीत आहे" म्हणतात. लहान मुलंसुद्धा चर्चमध्ये उभी राहून तसंच म्हणतात. निघण्याआधी शेजारणीचा पोरगा हेच म्हणाला होता, ताठ उभा राहून. मला ते पाठ केल्यासारखं वाटलं होतं.

दोन वर्षांनी मी पुन्हा लेकीकडे गेले तेव्हा तो परत यायचा होता. विमानतळावर फलक, फुगे, आज्या, चुलत भावंडं. आमच्याकडे लग्नाला येत नाहीत इतकी माणसं. रंग रापलेला, शर्टाची कॉलर झिजलेली. संध्याकाळी त्यांच्या भागातल्या प्रमुखांनी बोलावून त्याला सेवेतून मोकळं केलं आणि त्यानं छातीवरची काळी पट्टी काढून आईच्या हातात दिली. मी रात्री खीर घेऊन गेले. म्हटलं, काय रे, अजून माहीत आहे का? तो थोडा थांबला. म्हणाला, "काही गोष्टी माहीत आहेत. जाताना वाटलं होतं त्याच्यापेक्षा कमी."

मग आईनं त्याला दूध आणायला पिटाळलं. मी खिडकीतून बघत होते. गाडीचं दार उघडून तो तसाच उभा राहिला, मान वळवून, मागून कुणीतरी येईल म्हणून. मागे कुणी नव्हतं. क्षणभरानं तो एकटाच आत बसला.