दाराबाहेरचा माणूस

(नागपुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नागपुरात समुद्र शिकवणं फार कठीण असतं. झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहा, कुठल्याही दिशेला तोंड करा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. भरती-ओहोटी शिकवताना एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होतो तसं का?" त्या मुलीला मी नीट उत्तर देऊ शकले नाही. मीही तेव्हा समुद्र एकदाच, गणपतीपुळ्याला, पाहिलेला होता.

तरी आज मी जहाजाबद्दल बोलणार आहे, आणि त्याचं कारण आमच्या घरातलं आहे. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, मी आणि माझ्या सासूबाई, तेव्हा त्यांचं वय ८१, अशा दोघी चौदा दिवस संस्थात्मक विलगीकरणात होतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर 'कोरंटाईन'मध्ये. आमच्या गल्लीत एक जण पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना नेलं. त्या खोलीत मोबाईलशिवाय दुसरं काही नव्हतं. मग फेब्रुवारीत ज्या जहाजाच्या बातम्या वरवर वाचल्या होत्या, त्या मी तिथे बसून एकेक करून पुन्हा वाचल्या. घरी आल्यावरही वाचत राहिले. आज पुष्कळ वर्षांनी त्यातलं जे मनात टिकलं, ते सांगते.

जहाजाचं नाव डायमंड प्रिन्सेस. २० जानेवारी २०२० ला ते जपानच्या योकोहामा बंदरातून निघालं. त्यात हाँगकाँगचे ८० वर्षांचे एक गृहस्थ होते. ते २५ तारखेला हाँगकाँगलाच उतरून घरी गेले. १ फेब्रुवारीला त्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. तोवर जहाज पुढे गेलेलं, आणि जहाजावर नेहमीसारखं सुरू होतं: जेवणाच्या रांगा, नाटकं, नाचगाणी, पत्त्यांचे डाव. ३ फेब्रुवारीच्या रात्री जहाज योकोहामाला परतलं. जपानी अधिकाऱ्यांनी पहिल्या काही जणांचे नमुने तपासले, त्यात दहा जण बाधित निघाले. ५ तारखेच्या सकाळी जाहीर झालं, की सगळ्यांनी आपापल्या खोलीत राहायचं, चौदा दिवस.

जहाजावर एकूण ३,७११ माणसं होती. त्यातले २,६६६ प्रवासी, आणि १,०४५ कर्मचारी. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, कारण मला आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

प्रवाशांचं काय झालं ते आधी सांगते. त्यात म्हाताऱ्यांचा भरणा फार. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून जग बघायला निघालेली माणसं. ज्यांची खोली बाहेरच्या बाजूची, त्यांना बाल्कनी होती, निदान आकाश दिसायचं. आतल्या खोलीला खिडकीच नसते. दिवा घालवला की दिवसा दोनला मध्यरात्र. त्या लोकांना पाळीपाळीने डेकवर सोडायचे, मास्क लावून, एकमेकांपासून अंतर राखून, थोडा वेळ. खोलीखोलीत थर्मामीटर वाटले. पण तपासणीच्या दिवशी बाधितांपैकी जवळजवळ निम्म्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता, काहीच नव्हतं. म्हणजे थर्मामीटर खरं बोलत होतं आणि तरी त्याच्यावर भिस्त ठेवता येत नव्हती.

सगळ्यात मोठी अडचण औषधांची झाली. माणूस पंधरा दिवसांच्या प्रवासाला पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या घेऊन निघतो. बीपी, शुगर, थायरॉइड, हृदयाचं. चौदा दिवस वाढले आणि डब्या रिकाम्या झाल्या. याद्या गेल्या, पण औषधं यायला दिवस लागले. एका बाल्कनीवर कोणीतरी जपानी झेंड्यावर लिहून लटकवलं होतं की औषधांची टंचाई आहे. तो फोटो जगभर छापून आला.

हे मी केंद्रात वाचलं तेव्हा आमच्याकडे सासूबाईंच्या बीपीच्या तीन गोळ्या उरल्या होत्या.

आता केंद्राबद्दल. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनीही त्या दिवसांत जमेल तेवढं केलं. एका वसतिगृहाच्या इमारतीत आम्हाला ठेवलं होतं. दोन खाटा, एक पंखा, नागपूरचा एप्रिल. कूलर होता, पण त्याला पाणी नव्हतं. गरमी सोसता येते. सोसत नव्हतं ते हे, की काही कळत नव्हतं. नमुना घेतला, अहवाल कधी येणार? कोणी म्हणे उद्या, कोणी म्हणे परवा. सहाव्या दिवसापर्यंत एकाही माणसाने तारीख सांगितली नाही. सासूबाई कधी रडल्या नाहीत, पण त्यांनी पदराच्या टोकाला गाठी मारायला सुरुवात केली, रोज एक. एका सकाळी त्या गाठी मोजताना मी त्यांना पाहिलं आणि मला बोलता आलं नाही.

जहाजावरही हेच दुखणं होतं. सोबतचा माणूस बाधित निघाला की दुसऱ्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. नवरा रुग्णालयात, बायको खोलीत, आणि तिचा नववा दिवस पुसून पुन्हा पहिला. चौदा दिवस हा आकडा माणूस काढू शकतो. पुसला जाणारा आकडा काढणं फार कठीण.

आमच्याकडे एक मुलगा डबे वाटायचा. वय बावीस-तेवीस असेल. मास्कच्या वर फक्त डोळे दिसायचे, आणि उजव्या हाताच्या मनगटावर लाल दोरा. दारावर दोनदा टकटक करून पिशवी खाली ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा, आणि आम्ही दार उघडेपर्यंत थांबायचा. बाकीचे ठेवून निघून जायचे. तो थांबायचा. मी त्याला गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, पाकीट दाखवा न. मी फोटो काढून घेतो, म्हणजे नाव चुकणार नाही." दुसऱ्या दिवशी डब्यासोबत गोळ्या आल्या. त्याने स्वतःच्या पैशांनी आणल्या होत्या. मी फोनवर पैसे पाठवायला म्हणून त्याचा नंबर घेतला.

अहवालाचं विचारलं तर म्हणाला, "मले माहीत नाही काकू, विचारून येतो." आणि खरंच विचारून आला. "आज नाही येत म्हणे." मंडळी, सहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला खरं काय ते सांगितलं होतं. त्या रात्री आम्ही दोघी झोपलो.

सासूबाई त्याला बाबू म्हणायच्या. एक दिवस त्यांनी दारातूनच विचारलं, "बाबू, तू जेवला का?"

"तुमचं वाटून झालं की जेवतो न आजी."

"कुठं जेवतो?"

तो जरा थांबला. म्हणाला, "खाली जिन्याजवळ. आम्ही पाच जण बसतो." आणि झोपतो कुठे, तर खालच्या हॉलमध्ये, अकरा जण, गाद्यांना गाद्या लावून.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एक खोली, दार बंद, कोणाचा स्पर्श नाही. आणि आमच्यासाठी दिवसातून तीनदा चाळीस दारांपर्यंत जाणारा मुलगा अकरा जणांत झोपतो.

मग मी जहाजाकडे पुन्हा वळले आणि तो दुसरा आकडा शोधला. १,०४५ कर्मचारी. त्यात आपले १३२ भारतीय होते. भारतीय प्रवासी होते फक्त सहा. प्रवासी खोलीत गेले, पण कर्मचारी गेले नाहीत, जाऊ शकत नव्हते. २,६६६ माणसांचं तीन वेळचं जेवण कोण शिजवणार, कोण दारापर्यंत नेणार, उष्टी ताटं कोण उचलणार? ते खालच्या मजल्यांवर एका खोलीत दोघं-दोघं राहायचे, बऱ्याच जणांची न्हाणीघरं सामाईक, जेवण एकाच मेसमध्ये. त्यांच्यातल्या सुरुवातीच्या २० बाधितांची नंतर नीट चौकशी झाली. त्यातले १५ जण जेवणखाण विभागातले निघाले, आणि १६ जणांच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या.

इथे मला न्यायाने बोललं पाहिजे. शेवटी ७१२ जण बाधित ठरले, त्यात ५६७ प्रवासी आणि १४५ कर्मचारी. डझनाहून अधिक माणसं दगावली. आकडा प्रवाशांचाच मोठा आहे. पण लक्षणं कोणत्या तारखेला दिसली ते पाहून जपानी तज्ज्ञांनी जो हिशेब मांडला, त्यात असं दिसलं की प्रवाशांचा बहुतेक संसर्ग ५ फेब्रुवारीच्या आधीच झाला होता. दारं बंद झाल्यावर तो उतरला. दार बंद करण्याचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. मात्र ज्याला बंद करायला दारच नव्हतं, त्याला तो उपयोग कसा होणार?

१९ फेब्रुवारीपासून अहवाल चांगला असलेले प्रवासी उतरायला लागले. कर्मचारी मागे राहिले. आपले लोक २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीत आले, ११९ भारतीय आणि सोबत पाच परदेशी. तिथून त्यांना मानेसरला सैन्याच्या केंद्रात नेलं, आणि तिथे त्यांचे चौदा दिवस सुरू झाले. योकोहामातले जे दिवस त्यांनी ट्रे उचलण्यात घालवले, ते कोणाच्याच मोजणीत आले नाहीत. जहाजाचे इटालियन कप्तान जेन्नारो आर्मा १ मार्चला सगळ्यात शेवटी उतरले. त्यांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण खालच्या मजल्यावरच्या भांडी घासणाऱ्याचा फोटो माझ्या तरी पाहण्यात आला नाही. प्रवाशांनी मात्र या कर्मचाऱ्यांना ओळखलं होतं. खोल्यांच्या दारांवर आतल्या माणसांनी आभाराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, बाहेरून वाचता येतील अशा.

क्वारंटाईन शब्दाचा इतिहास तुम्ही ऐकला असेल, म्हणून थोडक्यात. आज ज्याला दुब्रोव्हनिक म्हणतात त्या बंदराने १३७७ मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम केला. पुढे व्हेनिसने ते चाळीस केले, आणि चाळिसासाठीच्या त्यांच्या शब्दावरून हे नाव पडलं. आपल्याकडे १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ ला साथरोग कायदा झाला, आणि २०२० मध्ये आपल्याला घरात ठेवलं ते त्याच कायद्याच्या आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या आधाराने. या सगळ्या इतिहासात किती दिवस ते लिहिलेलं सापडतं. त्या दिवसांत पाणी कोणी आणून दिलं ते सापडत नाही.

आपल्या घरच्या रीतीत मात्र ते आहे. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भाकरी घेऊन येते. सुतकाच्या बाकी नियमांबद्दल माझं मत चांगलं नाही, पण शेजारणीचं ते पिठलं कोणीतरी फार विचार करून ठरवलं असलं पाहिजे.

माझा एक विद्यार्थी, कामठीचा, दुसऱ्या एका जहाजावर स्वयंपाकघरात होता. मार्च २०२० मध्ये जगभरची प्रवासी जहाजं थांबली. प्रवासी उतरले, कर्मचारी समुद्रातच राहिले, कारण त्यांना उतरवून घ्यायला बंदरं तयार नव्हती. मग कंपनीने त्यांना प्रवाशांच्या खोल्यांत एकेकट्याला ठेवलं. तो मला सांगत होता, "मॅडम, चार वर्षं मी त्या मजल्यावर नाश्ता नेत होतो, पण बाल्कनीत पहिल्यांदा उभा राहिलो. समोर नुसतं पाणी. आणि मग दारावर टकटक झाली. दुसरा कोणीतरी माझ्यासाठी ट्रे घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, तू ठेव आणि जा, जास्त वेळ उभा राहू नको." तो दोन महिन्यांनी घरी पोचला. घराच्या दारावर स्टिकर लागलं. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एका घरून फाटकावर दुधाची पिशवी लटकलेली दिसली.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि इथे आरोग्य खात्यातले, महापालिकेतले लोक बसले आहेत म्हणून स्पष्ट बोलते. पुन्हा कधी अशी वेळ आली, तर पहिली तपासणी डबे वाटणाऱ्याची करा. पहिला चांगला मास्क त्याला द्या. झोपायला वेगळी जागा आधी त्याला द्या, मग आम्हाला खोल्या द्या. त्याचे दिवसही मोजा आणि त्या दिवसांचा पगार द्या. आणि आत बसलेल्यांना तारीख सांगा. माहीत नसेल तर आज माहीत नाही एवढं तरी सांगा, पण रोज सांगा.

आम्ही सुटलो त्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, "तुझे चौदा दिवस कधी?" तो म्हणाला, "आमचे कुठचे काकू." आठवड्याने त्याला ताप आला. त्याची पहिली तपासणी तेव्हा झाली, आम्ही घरी पोचल्यानंतर. पॉझिटिव्ह. नंबर होता म्हणून मला कळलं. रोज संध्याकाळी सासूबाई फोन लावायच्या आणि एकच विचारायच्या, जेवला का. तो बरा झाला.

आता तो हिंगण्याला एमआयडीसीत कामाला आहे. आज त्याला इथे बोलावलं होतं. सकाळी फोन आला, "काकू, दुसरी पाळी आहे, अकराला सुटतो." सासूबाई आता थकल्या आहेत, पण दुपारी ओट्याशी उभं राहून त्यांनी स्वतः झुणका केला आणि भाकरी माझ्याकडून करून घेतल्या. तो डबा या पिशवीत आहे. तुमचे प्रश्न असतील तर दहापर्यंत थांबते. मग मला गेटवर पोचायचं आहे.