जुनी डिजिटल डायरी, नवा लॅपटॉप आणि मधली नऊ पिनांची वायर

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे पाऊण तास छापलाय, त्यातला बराचसा आधीच्या सत्कारांनी खाल्ला. हरकत नाही. नाशिककर मे महिन्याच्या उकाड्यात गोदाघाटावर बसून व्याख्यानं ऐकतात, म्हणजे विषय कुठलाही असो, वक्त्याला पळून जावं लागत नाही. त्या भरवशावर मी हा विषय घेतलाय.

आधी सांगा, तुमच्यातल्या किती जणांकडे डिजिटल डायरी होती? हं, बरेच हात वर आले. आणि ज्यांचे आले त्यातले निम्मे विमा एजंट असणार, चेहऱ्यांवरून कळतंय. तुमची ती कॅसिओची. घडीची, आत बिल्ल्यासारखे सेल, खिशातून काढली की समोरच्याला वाटायचं आता पॉलिसी घ्यावीच लागणार. माझा विषय तिच्या पुढच्या पिढीचा आहे, पाम नावाच्या यंत्राचा. 1996 साली पहिलं 'पायलट' बाजारात आलं. ते ज्यानं योजलं तो जेफ हॉकिन्स, यंत्र तयार होण्याआधी तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडायचा. मीटिंग ठरली की ठोकळा काढायचा, त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचा आणि परत खिशात. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर घरच्यांनी डॉक्टर गाठला असता.

त्या यंत्राची खरी करामत पडद्यात नव्हती, बैठकीत होती. बैठक म्हणजे क्रेडल. तिच्यावर एकच बटण. यंत्र बैठकीत ठेवायचं, बटण दाबायचं, की डायरीतलं कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरचं डायरीत. याला ते हॉटसिंक म्हणत. आजचा माझा मुद्दा त्या बटणामागे काय चालायचं याबद्दल आहे. सगळ्यांना वाटतं ती कॉपी होती. ती कॉपी नव्हती. पण त्याआधी अण्णांची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच मला हे सगळं बोलावंसं वाटतंय.

अण्णा दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. 2000 साली त्यांच्या अमेरिकेतल्या पुतण्यानं त्यांना पाम थ्री-एक्स-ई आणून दिलं. आठ एमबी मेमरी, दोन बारीक पेन्सिल सेल. पुतण्याला वाटलं काका फोन नंबर ठेवतील. काकांनी तिच्यात बाग ठेवली. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि फळछाटणीपासून दिवस मोजायचे. कितव्या दिवशी कुठली फवारणी, पाऊस कधी झाला, डावणी कुठल्या ओळीत दिसली, भुरी कधी (हे दोन्ही द्राक्षांचे रोग), डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं कधी. सगळं तिच्यात. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून अण्णा इंग्रजी लिपीत मराठी लिहीत. त्यातही पामची अक्षरं निराळी, ए काढताना मधली आडवी काडी द्यायची नाही. अण्णांच्या हाताला ते इतकं बसलं की सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावरही बिनकाडीचा ए. सचिव म्हणे, अण्णा, सही जुळत नाही.

हसू नका, त्या नोंदींना किंमत होती. 2010 साली युरोपानं क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली, तेव्हा कुणी काय कधी मारलं हे आठवणीवर सांगायची सोय राहिली नाही. अण्णांच्या खिशात मागचे सगळे हंगाम तारखेनिशी होते.

आता अडचण ऐका. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. त्यावर विंडोज 98 होती, पाम डेस्कटॉप हा पामचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम होता, सगळं गेलं. बैठक माळ्यावर. आणि पामची मेमरी कशी, तर सेल आहेत तोवर आहे. सेल उतरले की पाटी कोरी. सेल बदलताना आतला कपॅसिटर साधारण मिनिटभर तग धरतो, तेवढ्यात नवे घालायचे. तोही कपॅसिटर आता कित्येक वर्षांचा म्हातारा. म्हणजे अण्णांची सगळी बाग दोन पेन्सिल सेलांवर उभी होती. सेल बदलायचा दिवस आला की वहिनी देवापाशी दिवा लावायच्या. ही अतिशयोक्ती नाही.

मुलानं नवा लॅपटॉप घेतला आणि दोघं एका दुकानात गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, शहरातलंच. काउंटरवरच्या पोरानं पाम हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाला, "काका, हे म्युझियमला द्या. नवीन फोन बघा, बजेट काय आहे?" अण्णा म्हणाले, "बाळा, मला फोन नकोय, ह्याच्यातलं त्याच्यात घ्यायचंय." तो म्हणाला, "सपोर्ट नाही." माझा राग या शब्दावर आहे. सपोर्ट नाही म्हणजे काय? तार नाही? पोर्ट नाही? ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेली वस्तू ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, नाही? नोंदी वाचणारा प्रोग्रॅम नाही? चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या तीन गोष्टींना उपाय आहे. डॉक्टरनं पेशंटला न तपासता "बरं वाटणार नाही" म्हणावं, तर आपण दवाखान्यात आवाज चढवतो. दुकानात मात्र मुकाट्यानं पैसे काढतो.

शेवटी त्यांनी एक कन्व्हर्टर केबल गळ्यात मारली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला नऊ पिना. लॅपटॉपला लावली की पिवळं चिन्ह आणि 'कोड 10', म्हणजे विंडोज सांगते की ही वस्तू चालू होत नाही. अण्णा माझ्याकडे आले, कारण मी सातपूरच्या कारखान्यांत नोकरीभर असल्या तारा जोडायचंच काम केलं. या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टचं आरएस-232 हे मानक 1960 सालचं आहे, आणि आजही अंबडमध्ये असे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची यंत्रं, सापडतील ज्यांच्यात प्रोग्रॅम त्याच नऊ पिनांतून जातो. एमआयडीसीत ही केबल म्युझियममध्ये नाही, टूलबॉक्समध्ये आहे. आणि तो कोड 10? अशा केबलींतल्या चिपची नक्कल बाजारात इतकी झाली की मूळ चिपवाल्यांनी पुढच्या ड्रायव्हरमध्ये नकली चिप ओळखून ती चालूच द्यायची नाही अशी व्यवस्था केली. केबल तीच, ड्रायव्हर नवा, दार बंद. ओळखीच्या वर्कशॉपमधून चांगल्या चिपची केबल आणली आणि लॅपटॉपला पोर्ट दिसलं.

एक गंमत बघा. अण्णांचं यंत्र जुनं, सिरियल पोर्टचं, म्हणून वाचलं. त्यानंतरची पाम यूएसबीची आली, तेव्हा आपण म्हटलं, वा, काय सोय. पण त्या यूएसबीला पामचा स्वतःचा ड्रायव्हर लागायचा, तो 32 बिटांचा, आणि 64 बिटांची विंडोज तो घेत नाही. सिरियलला पामचा ड्रायव्हर लागतच नाही, केबलचा चालतो. म्हणजे नवं यंत्र अडकलं आणि जुनं सुटलं. कंपनीकडे दाद मागावी, तर 2010 मध्ये एचपीनं पाम विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिची यंत्रं काढणं बंद केलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता ज्यासाठी बोलावलंत ते भराभर सांगतो.

सिंक म्हणजे कॉपी नाही. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे नामावळीची वही असते ना, तसं ते आहे. तुम्ही गाव आणि आडनाव सांगता, ते पान उघडतात. मागच्या खेपेनंतर कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, एवढंच विचारतात. पणजोबांपासून परत लिहीत नाहीत. पाममध्ये प्रत्येक नोंदीला असाच क्रमांक असतो आणि 'बदलली' अशी खूण असते. बटण दाबलं की खुणा असलेल्या नोंदीच जातात. पुसलेली नोंदही लगेच पुसत नाहीत, 'गेली' अशी खूण ठेवतात, समोरच्या वहीतही ती लागली की मगच काढतात. दोघा भावांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहून ठेवतात. हॉटसिंकही दोन्हीकडे बदललेली नोंद दुहेरी ठेवतं. लोक म्हणतात डुप्लिकेट झालं. अहो, तो प्रामाणिकपणा आहे.

आता नवा कॉम्प्युटर म्हणजे दुसऱ्या उपाध्यांची कोरी वही. मागची खेप कुणाकडे झाली हे पाम लक्षात ठेवतं. कॉम्प्युटर निराळा दिसला की खुणांवर भरवसा न ठेवता सगळ्या नोंदी ताडून बघतं. याला वेळ लागतो. अडकलं असं समजून मध्येच केबल उपटू नका.

आणि पहिल्या जोडणीत सिंक करूच नका. आधी फक्त बॅकअप. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर, 'पायलट-लिंक' नावाचा प्रोग्रॅम आहे, तोही फुकट आहे, त्यातलं 'पायलट-एक्सफर' पामवरच्या सगळ्या फायली जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये उतरवतं, यंत्रातलं काही बदलत नाही. त्या फोल्डरची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर. मग पाम डेस्कटॉप. तिथे हॉटसिंकच्या 'कस्टम'मध्ये जा. प्रत्येक गोष्टीसाठी चार पर्याय दिसतील: सिंक, डेस्कटॉपनं हँडहेल्डवर लिहायचं, हँडहेल्डनं डेस्कटॉपवर लिहायचं, काही करू नको. कॉम्प्युटर कोरा आहे, तेव्हा पहिल्या खेपेला 'हँडहेल्डनं डेस्कटॉपवर'. उलटं निवडलंत तर कोरी वही भरलेल्या वहीवर पालथी पडेल. युजरचं नावही पामवर आहे तेच, स्पेलिंगसकट. विंडोज केबलच्या पोर्टला जो 'कॉम' क्रमांक देते तो लहान ठेवा, आणि वेग आधी कमी. तसंही दोघं 9600 वर बोलायला लागतात आणि मग वेग ठरवतात.

त्यानंतर नोंदी बाहेर काढा. पत्ते व्हीकार्ड या पत्त्यांच्या फाइलीत, म्हणजे फोनही वाचेल. बाकी साध्या मजकुरात. पामच्या कॅलेंडरमध्ये वर्षाला सातच बिट दिलेत आणि मोजणी 1904 पासून, म्हणून ते 2031 च्या डिसेंबरात संपतं. तेव्हा आज-उद्या करू नका.

दुसरी चिठ्ठी. अण्णांचं काय झालं ते विचारताय? नोंदी सगळ्या उतरल्या, मुलानं एक्सेलमध्ये घेतल्या, भुरीची चार स्पेलिंगं एक केली. अण्णा मात्र अजून फवारणी पाममध्येच लिहितात आणि अमावास्येला बटण दाबतात. ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी चहाच्या टेबलापाशी थांबा, केबल पिशवीत आणली आहे. सेल मात्र ज्याचे त्यानं आणायचे.