डॅकच्या आधी मल्टिमीटर

(घरच्या हेडफोनसाठी परवडणारा डॅक कसा निवडावा, या विषयावर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात आत्ता एक तरी डॅक आहे. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारी चिप; तिच्याशिवाय फोनचा स्पीकरसुद्धा बोलत नाही. त्यामुळे ‘डॅक घेऊ का?’ हा प्रश्नच थोडा वाकडा आहे. आहे त्याचं नेमकं काय दुखतंय, हे आधी विचारा. दुखणी तीनच असतात. फोनला जॅकच नाही, हे एक. लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर किंवा कुईकुई येते, हे दुसरं. आणि आवाज पुरत नाही, शंभर टक्क्यांवर नेऊनही हेडफोन मरगळलेला वाटतो, हे तिसरं. यातलं काहीच नसेल तर पैसे हेडफोनवर घाला. एका हेडफोनपासून दुसऱ्यापर्यंत जो फरक कानाला पडतो, त्याच्या शतांशही दोन धड डॅकमध्ये पडत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यांनी तर आज चहा पिऊन घरी गेलं तरी चालेल. त्यांचा डॅक हेडफोनच्या आतच असतो, बाहेरचा लावायला जागाच नाही.

जॅक नसलेल्यांपासून सुरुवात करू. तपकीर गल्लीत दीडशे रुपयांना सी-टाइप ते साडेतीन मिलिमीटरचं कनेक्टर मिळतं. ते दोन प्रकारचं असतं आणि बाहेरून दोन्ही जुळ्या भावंडांसारखी दिसतात. एकाच्या आत डॅकची चिप असते. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात. फोन स्वतःहून सी पोर्टावर ॲनालॉग आवाज सोडत असेल तरच हे दुसरं चालतं, आणि बरेच फोन तसा सोडत नाहीत. घरी जाऊन लावलं की शांतता. दुकानदार म्हणतो फोन खराब, आपण म्हणतो कनेक्टर खराब, दोघंही चूक. ओळखायची युक्ती सोपी: दुकानातच ते लॅपटॉपच्या सी पोर्टाला लावा. आवाजाच्या यादीत नवं उपकरण दिसलं तर आत डॅक आहे. काहीच दिसलं नाही तर नुसती तार आहे.

आता आवाज न पुरण्याचं दुखणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच. आपण ज्याला डॅक म्हणून विकत घेतो त्यात दोन यंत्रं असतात, डॅक आणि सिग्नलला ताकद देणारा छोटा ॲम्प. पेटीवर पहिल्याचं नाव मोठं छापतात. तुमच्या हेडफोनला मात्र दुसऱ्याशी काम असतं. त्याच्याकडून किती व्होल्ट हवेत, हे कागदावर दोन मिनिटांत निघतं.

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा, ओममधला इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आणि डेसिबलमधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेला किती मोठा आवाज येतो ते. सेन्सिटिव्हिटी काही कंपन्या एका मिलिवॉटला सांगतात, काही एका व्होल्टला. हे न बघता दोन हेडफोनची तुलना करणं म्हणजे किलोचा भाव आणि शेराचा भाव शेजारी मांडणं. मिलिवॉटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर त्यात भर घाला: १६ ओमला १८, ३२ ओमला १५, ६४ ला १२, २५० ला ६, ३०० ला ५.

उदाहरणं घेऊ. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स, ३८ ओम, मिलिवॉटला ९९ डेसिबल. म्हणजे १४ ची भर घालून एका व्होल्टला ११३. सेनहायझर एचडी ५६०एस, १२० ओम, कंपनी थेट व्होल्टचाच आकडा देते, ११०. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओमचा, मिलिवॉटला ९६. म्हणजे व्होल्टला १०२.

लागतं किती? सरासरी ७५ डेसिबलवर ऐकणाऱ्या माणसाला शिखरांसाठी, म्हणजे गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणांसाठी, वर २० लागतात. जुनी मैफलीची रेकॉर्डिंग हळू भरलेली असतात, त्यांच्यासाठी आणखी १०-१५. एकशेदहा धरा. ही शिखराची सोय आहे, सतत ऐकायची पातळी नव्हे; तशी ऐकलीत तर पुढच्या वर्षी डॅकऐवजी कानाच्या डॉक्टरांकडे जाल. आता हिशेब: व्होल्ट दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात. एचडी ५६०एसला एक व्होल्ट पुरतो. डीटी ९९० ला ८ डेसिबल कमी पडतात, म्हणजे अडीच व्होल्ट हवेत. दोन व्होल्टचा डोंगल (पोर्टाला लावायचा छोटा डॅक) त्याला १०८ पर्यंत नेतो. चालतं, पण जुन्या हळू रेकॉर्डिंगला हात आखडता वाटेल.

प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या, हेडफोनची तऱ्हा उलटी. समजा ३२ ओम, मिलिवॉटला ९१. त्याला ११० साठी ८० मिलिवॉट लागतात. व्होल्ट जेमतेम १.६, पण करंट ५० मिलिअँपिअर. डीटी ९९० ला अडीच व्होल्ट लागले तरी करंट १० मिलिअँपिअरच. एकाला टाकी उंचावर हवी, दुसऱ्याला पाइप जाड हवा. म्हणून ‘तगडा डोंगल’ असं नुसतं म्हणून काही कळत नाही; कशाला तगडा, ते विचारा.

जाहिरातीतला मिलिवॉटचा आकडा हमखास ३२ ओमचा असतो, आणि तोही बहुतेक वेळा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड पिनेचा. तुमचा हेडफोन साडेतीनच्या पिनेचा असेल तर तो आकडा तुमचा नाही. साडेतीनच्या पिनेला व्होल्ट साधारण निम्मे, म्हणजे जास्त ओमच्या हेडफोनला ताकद चौथाई. मग कुणीतरी ४.४ च्या भोकात साडेतीनचं कनेक्टर खुपसतो. तसं कधीही करू नका. बॅलन्स्ड ॲम्पमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या ऋण तारांवरही सिग्नल असतो, आणि साध्या पिनेत त्या दोन्ही एकत्र जोडलेल्या असतात. म्हणजे ॲम्पची दोन तोंडं एकमेकांना शॉर्ट. नशीब असेल तर संरक्षण चालू होऊन आवाज बंद पडतो. नसेल तर चिप जाते.

हजाराच्या आसपासचा पर्याय म्हणून ॲपलचा छोटा सी-टाइप डोंगल मी अजूनही पहिला सांगतो. एक व्होल्ट, आउटपुट इम्पीडन्स (डोंगलचा स्वतःचा अडथळा) एक ओमच्या आत, आणि मोजणीत स्वतःच्या किमतीला लाजवणारी शुद्धता. दोन खोड्या मात्र माहीत असाव्यात. युरोपात विकली जाणारी आवृत्ती निम्म्या व्होल्टची आहे, त्यामुळे जर्मनीतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला डोंगल मवाळ वाजला तर त्याला बोल लावू नका. दुसरी, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो दबका वाजतो, कारण डोंगलच्या आतलं व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडत नाही. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं स्वतःचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) आणणारं ॲप ते उघडतं, पण त्या ॲपपुरतंच. यूट्यूब तसंच दबकं राहतं. अँड्रॉइडवाल्यांनी म्हणून सिरस लॉजिकच्या सीएस४३१३१ किंवा तत्सम चिपचा, साडेतीनच्या पिनेला दोन व्होल्टच्या आसपास देणारा डोंगल घ्यावा. फिओ, मूनड्रॉप वगैरेंचे असे डोंगल काही हजारांत मिळतात. त्याच्या वर जायचं कारण हेडफोनने द्यायला हवं, जाहिरातीने नव्हे.

चिपवरून आठवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या डॅक चिप बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या. कंपन्यांनी त्याच पेट्यांत दुसऱ्या चिप बसवल्या. फिओने के५ प्रो नावाची पेटी ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घालून पुन्हा आणली. ‘एकेएमचा मखमली आवाज’ आणि ‘ईएसएसची धार’ यांवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांसाठी ही चांगली परीक्षा होती. चिपपेक्षा तिच्या भोवतीचा वीजपुरवठा, क्लॉक (आकड्यांचा ताल राखणारं घड्याळ) आणि शेवटचा ॲम्प यांवर जास्त अवलंबून असतं. ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ हे आकडे तर पेटीच्या सजावटीसाठी. सीडीचे १६ बिट ९६ डेसिबलचा पल्ला देतात. कर्वे रोडला खिडकी असलेल्या, पंखा फिरणाऱ्या खोलीत तेवढासुद्धा वापरला जात नाही. स्वतंत्र मोजणीत सायनॅड (सिग्नल खरखर आणि विकृतीच्या किती वर आहे ते) म्हणून जो आकडा देतात तो १०० च्या वर असेल तर पुढचे १५-२० डेसिबल फक्त मोजणाऱ्या यंत्राला ऐकू येतात.

आउटपुट इम्पीडन्सचं मात्र मनावर घ्या, विशेषतः कानात घालायचे अनेक ड्रायव्हरवाले, म्हणजे आत एकाहून जास्त छोटे स्पीकर असलेले, इयरफोन असतील तर. अशा इयरफोनचा इम्पीडन्स एखाद्या स्वराला ८ ओम आणि दुसऱ्याला ४० असू शकतो. डॅकचा आउटपुट इम्पीडन्स १० ओम असेल तर पहिल्या जागी ७ डेसिबल खाल्ले जातात, दुसऱ्या जागी २. मधला ५ डेसिबलचा फरक म्हणजे इयरफोनचा स्वभावच बदलला. तोच आउटपुट एक ओमचा असेल तर फरक एक डेसिबलच्याही आत. माहितीपत्रकात हा आकडा दिलाच नसेल तर ती वस्तू मी इयरफोनसाठी सुचवणार नाही.

आता खरखर. हिचेही प्रकार ओळखायला शिका, कारण प्रत्येकीचं औषध वेगळं. गाणं थांबवलं तरी एकसारखी ‘सस्स’ येते आणि व्हॉल्यूम हलवून बदलत नाही, ती ॲम्पची स्वतःची. हेडफोनवर ऐकू येत नाही, नाजूक इयरफोनवर येते. त्याला ॲम्पची वाढ घटवणारी कमी गेनची कळ किंवा दुसरा डोंगल. माउस हलवला की ‘कुईकुई’ बदलते, ती कॉम्प्युटरच्या आतली. बाहेरचा डॅक लावला की बहुधा जाते, आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्याऐवजी मागचा यूएसबी पोर्ट वापरा. तिसरी घुमणारी, पन्नास हर्ट्झची. ती डोंगलला थेट हेडफोन लावून सहसा येत नाही, कारण हेडफोनची कुठलीही तार भिंतीत जात नाही. ती येते टेबलावर वेगळा ॲम्प किंवा स्पीकर आला की. लॅपटॉपचं अर्थिंग एका सॉकेटमधून, ॲम्पचं दुसऱ्यातून, आणि यूएसबीची तार दोघांना जोडते. झाला लूप.

तपासायला लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर लूपच आहे. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. निम्म्या घरांत एवढ्यावर भागतं. अर्थिंगची पिन मोडून टाकणारे शूर लोक असतात. त्यांच्यात सामील होऊ नका; जुन्या वाड्यातली वायरिंग असेल तर अजिबातच नाही. वायरमन बोलवा. मग उरतो यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडचा विजेचा जोड तोडून फक्त डेटा जाऊ देणारी डबी. पण स्वस्त आयसोलेटरमधली एडीयूएम४१६० चिप १२ मेगाबिटवर थांबते, आणि आजचे बरेच डॅक ४८० मेगाबिटचा वेग मागतात. असा डॅक तिच्यामागे एकतर दिसतच नाही, किंवा फक्त ९६ किलोहर्ट्झपर्यंत चालतो. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर ती तार सर्वांत बरी, तिच्यातून वीज जातच नाही. टीव्हीला ऑप्टिकलने जोडलंत आणि काहीच वाजलं नाही किंवा नुसता कल्ला आला, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट डॉल्बीवरून पीसीएमवर, म्हणजे साध्या, न गुंडाळलेल्या आकड्यांवर, आणा. साध्या डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही.

विंडोजचं झटकन सांगतो. २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये बहुतेक यूएसबी डॅकना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. साउंडच्या जुन्या पॅनेलमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीज उघडा, ॲडव्हान्स्डमध्ये २४ बिट निवडा, एन्हान्समेंट बंद करा. २४ बिटवर विंडोजचं व्हॉल्यूम खाली ओढलं तरी ऐकण्याजोगं काही हरवत नाही.

आणि आता मल्टिमीटर. दोन डोंगल आणले, एक बाराशेचा, एक पाच हजारांचा, आणि महागडा ‘जास्त खुलतो’ असं वाटलं, तर शक्यता मोठी की तो फक्त मोठा वाजतोय. अर्धा डेसिबल जास्त असला तर कान त्याला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. म्हणून पातळी आधी जुळवायची, तीही ०.१ डेसिबलपर्यंत. दोनशे रुपयांचा पिवळा मीटर इथे उपयोगाचा नाही. त्याची सर्वांत लहान एसी रेंज २०० व्होल्टची असते. २ व्होल्ट एसीची रेंज असलेला घ्या, बुधवार पेठेत मिळतो. एक जुनी ऑक्स तार मधोमध कापा. मीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का ते सांगणाऱ्या खुणेवर) लावून पिनेच्या टोकाची तार आणि बुडाची तार कोणती ते शोधा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. डोंगलला वाय स्प्लिटर, एका फाट्याला हेडफोन, दुसऱ्याला ही तार, आणि तिच्या त्या दोन टोकांना मीटर. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या ॲपमध्ये १०० हर्ट्झचा सूर तयार करा, हेडफोन कानावरून काढा, वाजवा. पहिल्या डोंगलवर ३०० मिलिव्होल्ट येतील असं व्हॉल्यूम ठेवा. दुसऱ्यावर २९७ ते ३०३ च्या आत आणा. फोनच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्यांनी हे जमणार नाही, पायऱ्या फार मोठ्या असतात. कॉम्प्युटरवर प्रत्येक डोंगलसाठी फाइलचीच पातळी दशांश डेसिबलने कमी-जास्त करा.

मग मीटर बाजूला ठेवा आणि विलंबित ख्यालाची सुरुवात लावा. तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमक यांत काय हरवतं ते लगेच कळतं. कुठला डोंगल लागलाय हे लावणाऱ्याला माहीत असावं, ऐकणाऱ्याला नको. क्रम नाणं उडवून ठरवा. दहा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने दहातली नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एक, म्हणून नऊ आली तर महागडा ठेवा. पाच-सहा आली तर बाराशेचा ठेवा, आणि दुसरा परत करायची मुदत किती तारखेला संपते ते बिलावर बघून घ्या.