कॅमेऱ्याआधी कॅरव्हॅन

मंडळी, विषय ठरलाय ॲम्बर फिल्म्स या न्यूकॅसलच्या, सिनेमे आणि फोटो करणाऱ्या गटाचं अर्थकारण, म्हणजे हे लोक पन्नासच्या वर वर्षं टिकले कसे. ते सांगणारच आहे, पण आधी समुद्रातल्या कोळशाची गोष्ट, त्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

इंग्लंडचा ईशान्य किनारा, न्यूकॅसलच्या वर लाइनमथ नावाचं गाव. खाणीतला कचरा समुद्रात टाकायचे आणि त्यातला कोळसा लाटांबरोबर परत किनाऱ्याला लागायचा. लोक घोडागाडी थेट पाण्यात घालायचे, त्या गारठ्यात कोळसा गोळा करायचे, विकायचे, आणि राहायला तिथंच कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. क्रिस किलिप हा फोटोग्राफर, ॲम्बरची साइड ही फोटोंची गॅलरी उभी करणाऱ्यांपैकी एक, १९७६ मध्ये तिथं गेला तर लोकांनी त्याला हाकलूनच लावलं. कॅमेरावाला म्हणजे भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचा हेर, असा संशय! आणि मला सांगा, त्यांचं काय चुकलं? हा पुन्हा गेला, पुन्हा तेच. होता होता १९८२ उजाडलं, तेव्हा तिथल्या एकानं ओळखलं, अरे हा तर ॲपलबीच्या घोडेबाजारात भेटलेला माणूस! झालं, त्या दिवसापासून फोटो काढायला मोकळा. एका ओळखीला सहा वर्षं लागली.

ॲम्बरवाल्यांनीही त्याच वस्तीत कॅरव्हॅन विकत घेतला, तिथं राहिले आणि मग १९८५ ला 'सीकोल' ही फिल्म आली, त्यात नट आणि खरे कोळसेवाले एकत्र काम करतात.

हे मला इतकं का लागतं? आमच्या कोळीवाड्यात एकदा एका चॅनलची टीम आली होती. माझी आत्या फाटलेलं जाळं शिवत बसलेली, तिला म्हणाले, आजी जरा उदास बघा ना. ती कशाला उदास असेल, त्या दिवशी मासळी चांगली आली होती! तिनं त्या पोरांसाठी बांगड्याचं कालवण टाकलं होतं, भात उतरवला आणि बाहेर येऊन बघते तर गाडी गेलेली. त्यांच्या वाटणीचं कालवण संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं तिनं.

आणि नॉर्थ शील्ड्सच्या मच्छीमारांवर पिक्चर करायचा तर ॲम्बरनं काय केलं? बोट घेतली. खरीखुरी मासेमारीची बोट, नटांना त्या कामाचं शिक्षण, आणि मग १९८९ ला 'इन फेडिंग लाइट'. आत्याला दाखवायचा राहून गेला तो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, अर्थकारण भरभर सांगतो. १९६८, लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमधली पोरं, मरे मार्टिन, फिनलंडहून आलेली सिर्का-लीसा कोन्टिनेन वगैरे, यांनी ॲम्बर काढली आणि पुढच्याच वर्षी न्यूकॅसलला आली. सिर्का-लीसा बायकर या कामगार वस्तीत राहायला गेली, ती वस्ती पाडत आणली तरी फोटो काढत राहिली, तिचं स्वतःचं घरही त्यातच गेलं. कमाई एकत्र, पगार सगळ्यांना सारखा, दिग्दर्शक मोठा नि बाकीचे किरकोळ असं नाही. मग १९८२ चं वर्कशॉप डिक्लरेशन, हे महत्त्वाचं आहे, लिहून घ्या. सिनेकामगारांची युनियन आणि चॅनल फोर हे तेव्हाचं नवं ब्रिटिश टीव्ही चॅनल यांनी मान्य केलं की अशा गटांना सुट्या सुट्या पिक्चरचे नाही, तर सलग कामाचे पैसे मिळावेत. म्हणजे कॅरव्हॅनमध्ये राहिलेले महिनेसुद्धा काम धरले गेले! माझं सगळं म्हणणं या एका कलमात आहे. पुढं चॅनलनं हात आखडला तशी बरीच वर्कशॉप्स, म्हणजे असे गट, बंद पडली, पण ॲम्बर चालू राहिली. १९७७ ला उघडलेली साइड गॅलरी मात्र आर्ट्स कौन्सिलचं अनुदान तुटल्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झाली, आणि त्याचा मला अजून राग येतो.

प्रश्न नंतर घेऊ. दिवे घालवा कुणीतरी. १९७४ ची 'लाँच' लावतोय, छोटीशीच आहे, वॉल्सेंडच्या जहाज कारखान्याची. गल्लीच्या टोकाला, घरांच्या कौलांच्या वर बघत राहा, ती भिंत नाहीये, जहाज आहे.