एका डॉलरची क्रेन

(दृश्य १: लाकडी पायऱ्यांवर, समुद्राकडे तोंड करून बसलेली माणसं)

स्वीडनमधलं माल्मो शहर. इथे भराव घालून समुद्रातून जमीन मिळवली होती आणि तिच्यावर कॉकुम्सची जहाजगोदी उभी होती. १९८६ मध्ये व्यापारी जहाजं बांधणं थांबवायचं ठरलं. मग मोटारींचा कारखाना आला, तोही दोन वर्षांत बंद पडला.

(दृश्य २: क्रेनचे जुने फोटो)

ही गोदीची क्रेन. उंची १३८ मीटर. २००२ मध्ये ती सुटी करून दक्षिण कोरियाला नेली. विकली किती किमतीला? १ डॉलर.

(दृश्य ३: अरुंद गल्ल्या)

तोवर गोदीच्या याच जागेवर २००१ चं गृहनिर्माण प्रदर्शन, 'बो-०१', होऊन गेलं होतं; प्रदर्शन म्हणजे राहण्यासाठी बांधलेली खरीखुरी वस्तीच. स्वीडिश भाषेत 'बो' म्हणजे राहणं. आधी दूषित माती हलवली, मग घरं बांधली. समुद्राच्या बाजूला उंच इमारती, त्यांच्या आडोशाला बुटकी घरं. गल्ल्या मुद्दाम वाकड्या, म्हणजे वारा सरळ आत शिरत नाही. तळमजल्यावर दुकानं, कॅफे, वर बिऱ्हाडं.

(दृश्य ४: अंगणातलं तळं, लव्हाळं)

प्रत्येक बिल्डरच्या हातात ३५ कलमांची यादी दिली होती. अंगणासाठी त्यातली निदान १० निवडायची. दर घरामागे पक्ष्यांचं एक घरटं, वटवाघळांच्या पेट्या, बेडकांना हिवाळा काढायला जागा... असली यादी बिल्डरला देणारी नगरपालिका आम्हाला तरी आवडली.

(दृश्य ५: फरसबंदीतला दगडी पाट, जवळून)

आणि हे पाणी बघा. छपरावरचा पाऊस भुयारी गटारात लपवलेला नाही. तो तळ्यात थांबतो, या वीतभर पाटातून दारांपुढून वाहतो आणि समुद्राला मिळतो.

जमिनीखालीही पाणीच कामाला लावलंय. चुनखडकात साठलेलं गार पाणी उन्हाळ्यात वर काढायचं, घरं थंड करायची. त्यात तापलेलं पाणी परत खाली सोडायचं आणि हिवाळ्यात त्याची ऊब उष्णतापंपाने खेचून घ्यायची. पंपाला वीज पवनचक्कीची. वर्षाचा हिशेब मांडला तर वस्तीला लागणारी ऊर्जा इथेच, सूर्य, वारा आणि पाण्यातून मिळवायची, असा बेत होता.

घरं महाग झाली, आणि काही इमारतींनी ऊर्जेची ठरलेली मर्यादाही ओलांडली.

(दृश्य ६: टर्निंग टॉर्सो, खालून वर)

२००५ साली पूर्ण झालेला हा पिळदार मनोरा. १९० मीटर, क्रेनपेक्षा उंच.

(दृश्य ७: पाऊस. इथून निवेदन नाही, फक्त पाटातल्या पाण्याचा आवाज.)