तीन फाइली, एक घर

[पडद्यावर: ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे, दहा-दहाच्या ओळीत मांडलेले]

मे महिना, इंदूरजवळ देपालपूरकडचं एक गाव, आणि हे जे दाणे मांडलेत ना ते मोजून शंभर आहेत. गोणपाट ओलं करायचं, दाणे ओळीत लावायचे, गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं आणि पाच-सात दिवस ते सुकू द्यायचं नाही, बस. मग उलगडून मोजायचं की किती उगवले. सत्तर किंवा वर असतील तर घरचं बियाणं पेरायला हरकत नाही, कमी असतील तर बियाणं वाढवून टाका नाहीतर बदला. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणी मशीनमध्ये जरा जोरात आपटलं किंवा पोती एकावर एक रचली की आतून दाणा मेलेला असतो आणि वरून एकदम चकाचक दिसतो, म्हणून ही टेस्ट.

आता बघा, दाणे निवडले आजीनं, मोजले नातवानं (त्याला शंभरपर्यंत येतं हे दाखवायचंच होतं), गोणपाटावर पाणी शिंपडते सून, आणि पेरणार वडील. तर हा शेतीचा कार्यक्रम झाला का महिलांचा का युवकांचा? गावात हा प्रश्न कुणाला पडत नाही, तो ऑफिसात पडतो, कारण तिथे शेती एका विभागाकडे, महिला आणि मुलं दुसऱ्याकडे, युवक तिसऱ्याकडे, आणि तिन्ही विभागांच्या गाड्या वेगवेगळ्या दिवशी त्याच घरासमोर येऊन थांबतात. सगळ्यांना तोच ओटा, तोच चहा.

[कॅमेरा गावातून फिरतो]

आम्ही इंदूरची मराठी मंडळी, पोहे-जिलबी आणि राजवाडा दाखवणारे व्हिडिओ भरपूर झालेत, म्हणून म्हटलं शहराच्या बाहेर वीस-तीस किलोमीटरवर काय चालतं ते बघू. सोबत कृषी कॉलेजची एक विद्यार्थिनी, नंदानगरची, घरी मराठी, गावात फर्राटेदार मालवी, म्हणजे इथली बोली. तिचं शेवटच्या वर्षाचं ग्रामीण कार्यानुभवाचं सत्र चालू आहे, म्हणजे गावात जाऊन शेतकऱ्यासोबत काम करायचं, शिकायचं आणि जमलं तर शिकवायचं. आणि तिचे सर, रिटायर होत आलेले. ते एकच सांगतात, "बेटा, प्रोग्राम आधी लिहू नको, आधी गावाचं वर्ष लिही."

गावाचं वर्ष कसं लिहितात ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. देवळासमोर जमिनीवर रांगोळीनं बारा रकाने काढले, प्रत्येक रकाना एक महिना, आणि लोकांना खडे दिले. ज्या महिन्यात काम जास्त तिथे जास्त खडे. पुरुषांनी जून आणि ऑक्टोबरवर ढीग लावला, पेरणी आणि कापणी, बरोबरच आहे. मग तोच खेळ बायकांनी वेगळ्या रकान्यांवर केला तर जुलै-ऑगस्ट भरून वाहायला लागला, कारण निंदणी. आणि एक काकू म्हणाल्या की खडे कमी पडतात, स्वयंपाक आणि गुरांचं तर बाराही महिने आहे, ते कुठे मांडू? पुरुषांच्या चित्रात ते कामच नव्हतं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कुणी फार बोललं नाही, पण सगळ्यांनी बघितलं.

या खड्यांवरून कॅलेंडर तयार होतं. जुलैत निंदणीच्या भरात बायकांची ट्रेनिंग ठेवली तर कोण येणार, तीच येईल जिच्याकडे शेत नाही. मे महिन्यात लग्नं, पण बियाण्याची टेस्ट मेमध्येच व्हायला हवी, म्हणून ती एका मोठ्या सभेत न करता घरोघर. नोव्हेंबरपासून गव्हा-हरभऱ्याला पाणी, आणि पंपाची लाइट बऱ्याचदा रात्री, म्हणजे पुरुष मंडळी दिवसा झोपेत. बायकांना वेळ दुपारी दोन ते साडेतीन, गुरं आणि चुलीच्या मधला तेवढाच तुकडा. आणि सरकारी कार्यक्रम कधी होतात? मार्चमध्ये, बजेट संपवायला, बॅनर लावून, सकाळी अकरा वाजता, आणि गहू तर तेव्हा कापणीला आलेला असतो! कार्यक्रम फसला की वर रिपोर्ट जातो, शेतकरी उदासीन आहेत. नाही हो, ते शेतात आहेत.

[जुने फोटो, कृषी कॉलेजचा परिसर]

इंदूरला हे नवीन नाहीये खरं म्हणजे. 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही पिकांवर संशोधन करणारी संस्था सुरू झाली, होळकर दरबारानं 300 एकर जमीन दिली, इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड डायरेक्टर. त्यांच्यासोबत यशवंत वाड, आपला मराठी माणूस, आणि दोघांनी 1931 मध्ये जी कंपोस्टची पद्धत पुस्तकात मांडली ती जगभर आजही इंदूर प्रोसेस म्हणूनच ओळखली जाते. इंदूरात मात्र विचारलं तर कमीच लोकांना माहीत असते, असो. त्यात महागडं काहीच नव्हतं, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख, थरावर थर, तीन वेळा पलटी आणि तीन महिन्यांत खत. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत, तर त्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्या चिरडून देतात, मशीन लागत नाही. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते ही संस्था बघायला गेले होते. मला यात पटतं ते एवढंच की योजना आखणाऱ्यानं आधी बघितलं, घरात काय पडलंय, गोठ्यात काय आहे, रस्त्यावरून काय जातंय.

आणि शेती, घर आणि पोरं एकत्र बांधायची कल्पना अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी कायद्यात बसवली गेली, 1914 चा स्मिथ-लिव्हर कायदा. त्याच्या आधी 1903 मध्ये टेक्सासमध्ये सीमन नॅप नावाच्या गृहस्थांनी एका शेतकऱ्याच्याच शेतावर प्रात्यक्षिक लावलं, सरकारी फार्मवर नाही, आणि नुकसान झालंच तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी पैसे काढून ठेवले होते. ही गोष्ट आमच्या सरांना फार आवडते, म्हणतात प्रात्यक्षिकाचा धोका शेतकऱ्याच्या गळ्यात टाकून फोटो आपण काढायचा हे बरोबर नाही. तिकडे मुलांचे मका क्लब झाले, प्रत्येकाला साधारण एक एकर, मुलींचे टोमॅटो क्लब, एकराचा दहावा भाग, पिकवायचा आणि डबाबंद करून विकायचा. बापानं जे अधिकाऱ्याचं ऐकलं नाही ते पोराच्या तुकड्यावर पीक बघून ऐकलं. त्यातूनच पुढे फोर-एच ही मुलामुलींची संघटना उभी राहिली.

आपल्याकडे 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम, 1953 ला राष्ट्रीय विस्तार सेवा (विस्तार म्हणजे शेतीचं ज्ञान गावापर्यंत पोचवणं), 1974 मध्ये पुदुच्चेरीला पहिलं कृषी विज्ञान केंद्र. इंदूरचं केंद्र कस्तुरबाग्रामला, खंडवा रोडवर, कस्तुरबा ट्रस्टच्या आवारात. म्हणजे खेड्यातल्या बायका-मुलांसाठी उभा राहिलेला ट्रस्ट आणि शेतीचं विज्ञान केंद्र एकाच आवारात, पत्ता तरी एक झाला.

[शेत, जुलै, पाऊस थांबलेला]

आता मुद्द्याची गोष्ट. पेरणीआधी बियाण्याला तीन गोष्टी लावायच्या, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांवर राहून पिकाला नत्र देणारे जिवाणू, हा क्रम चुकला तर उपयोगाचे जिवाणूच मरतात. याचं ट्रेनिंग होतं, चांगलं होतं, आणि त्याला जातो नवरा. बियाण्याला औषध चोळतं कोण? ताडपत्रीवर बसून, उघड्या हातांनी, घरातली बाई. तिला क्रम कुणी सांगितला नाही, हातमोजे कुणी दिले नाहीत, आणि त्याच हातांनी उठून ती लेकराला घेते. शेतीच्या फाइलमध्ये हातमोज्यांना जागा नाही आणि महिलांच्या फाइलमध्ये बुरशीनाशकाला. मला विचाराल तर अख्खी डॉक्युमेंटरी या एका ताडपत्रीवर करता आली असती.

म्हणून यंदा त्या मुलीनं सरळ ताडपत्रीवरच ट्रेनिंग लावली, दुपारी दोनला, ज्यांच्या अंगणात बियाणं होतं त्यांच्याकडे. नवरे उभे राहून बघत होते, एकानं मध्येच चूक काढली तर काकू म्हणाल्या, "तुम्ही कधी चोळलंय का?" विषय संपला.

प्रात्यक्षिकाचं शेत कुणाचं घ्यायचं यावर सरांचं मत पक्कं आहे. मोठ्या माणसाचं नको, त्याचा बोअर आहे, ट्रॅक्टर आहे, त्याचं पीक चांगलं आलं तर लोक म्हणतात त्याला काय, येणारच. दोन-तीन एकरवाला घ्या, शेत रस्त्याला लागून हवं, आणि अर्धं त्याच्या पद्धतीनं पेरू द्या, अर्धं नव्या. इथे नवं म्हणजे रुंद वाफा आणि बाजूला सरी, पाऊस कोसळला तर पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर सरीतली ओल मुळांना पुरते. काळ्या मातीत हे समजावून सांगायला भाषण लागत नाही, येता-जाता लोक दोन्ही अर्धे बघतात आणि आपसात बोलतात, ते बोलणं कुठल्याही रजिस्टरमध्ये येत नाही आणि खरा कार्यक्रम तोच असतो.

[स्वयंपाकघर]

माळव्यात सोयाबीन पसरलं ते सत्तरच्या दशकानंतर, आधी पावसाळ्यात इथली काळी जमीन बरीचशी पडीक ठेवत आणि थंडीत गहू घेत. आता शेतं सोयाबीनची, राष्ट्रीय पातळीची सोयाबीन संशोधन संस्था इंदूरात, आणि ताटात सोयाबीन? तेल सोडलं तर नाहीच. 40 टक्के प्रोटीनचा दाणा पोत्यात भरून मंडीत जातो. नुसता दळून खाता येत नाही हे खरं, कच्च्या दाण्यात पचनाला अडवणारी गोष्ट असते, म्हणून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचा, वाळवायचा, मग नऊ किलो गव्हात एक किलो या हिशोबानं दळून आणायचा. पोळी तशीच होते. हे अंगणवाडीत करून दाखवलं, पण सासवांना बोलावून, सुनांना नाही, कारण कणकेत काय जाणार ते इथे सासू ठरवते. हे कुठल्या गाइडलाइनमध्ये लिहिलेलं नव्हतं.

युवकांचं कठीण आहे, गोड बोलण्यात अर्थ नाही. बारावी झालेली पोरं पीथमपूरच्या कारखान्यात जातात आणि महिन्याला पगार येतो, त्यांना "शेतीकडे वळा" असं भाषण द्यायचं म्हणजे फुकटची चहापार्टी. पण स्पायरल ग्रेडर, म्हणजे दाणे निवडायचं यंत्र, भाड्यानं फिरवायचं, उतारावरून गोल घरंगळणारे चांगले दाणे वेगळे, चपटे-फुटके वेगळे, गावोगाव क्विंटलवर पैसे घ्यायचे, हे दोन पोरांना पटलं. मातीचे नमुने काढायचं कामही पोरं करतात, सॉइल हेल्थ कार्ड वाचून वडलांना सांगतात की किती युरिया जास्त टाकताय. वडील मान डोलावतात आणि टाकतात तेवढाच. सध्या तरी.

मोजायचं काय हा शेवटचा वाद. ऑफिसला हवी हजेरी, सह्या आणि फोटो. सर एक वेगळी वही ठेवतात, तिच्यात पुढच्या मेमध्ये जाऊन लिहायचं की न सांगता किती घरांनी गोणपाट ओलं केलं, किती जणींनी हातमोजे विकत आणले, कुणाची चक्की सोया मिसळून दळते. बॅनर नाही, समोसे नाहीत, गाडी नाही, तरी जे चालू राहिलं तेवढंच मोजायचं. ती वही वर पाठवता येत नाही, फॉर्मॅटमध्ये बसत नाही.

[रात्र, ओटा, बैठक]

रब्बीची बैठक ठरवत होते तेव्हा आम्ही तिथेच होतो. हरभऱ्याचं बियाणं आणि आठवी-नववीच्या मुलींची रक्ततपासणी एकाच दिवशी घ्यायची असं चाललं होतं. मंगळवार म्हटलं तर हाट, गुरुवार म्हटलं तर एकाच्या घरी कथा, शेवटी बुधवार, रात्री साडेसातला. ज्यांची पंपाची लाइट आठला येते त्यांचं बियाणं आधी वाटायचं म्हणजे त्यांना निघता येईल, आणि मुलींची तपासणी त्याच दिवशी पण दुपारी, शाळेतच, म्हणजे आयांना रात्री उशिरापर्यंत थांबायला नको.