बॅटरी काढली, म्हणजे झालं?

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘दुरुस्तीपूर्वी एअरबॅग सुरक्षितपणे बंद करणे’. तिकडे येतोच. पण आधी एक तक्रार. इथले निम्मे लोक ती ऐकून माना डोलावतील, उरलेले मोबाइल काढतील.

मध्यंतरी एक सेकंडहँड गाडी आली. हॉर्न वाजत नाही, एवढंच दुखणं. चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला. तो सहाएक सेकंदांत आपला आपण विझायला हवा. हा विझेचना. इंजिन चालू केलं आणि ऑइलच्या दिव्याबरोबर हाही गेला, जुळ्या भावासारखा! कोणीतरी दोन्ही दिवे एकाच वायरीवर बांधले होते. स्टिअरिंगचं झाकण उघडलं तर आत बॅगच नाही. जुन्या अपघातात ती उडाली होती, वर फोम भरून झाकण चिकटवलेलं. सफाई अशी की शिवण दिसेना. मालक म्हणतो, “दिवा तर विझतो ना साहेब?” आता याला काय सांगायचं? असलं काम करणाऱ्याला मी कारागीर म्हणायला तयार आहे, मेकॅनिक नाही.

त्यात डॅशबोर्डवर गणपती, नेमका शेजारच्या सीटच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला. हसू नका, तुमच्यातल्या कितीजणांच्या गाडीत आहे ते पार्किंगमध्ये बघून आलोय. बॅग उघडायला डोळ्याची पापणी लवण्याहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात बाप्पा थेट कपाळावर. त्यांना कोपऱ्यात बसवा, रागावणार नाहीत.

‘आमच्याकडे असल्या महागड्या गाड्या येत नाहीत,’ हे आता चालायचं नाही. चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची आहे, शेजारच्या सीटची 2021 पासून. साध्यातली साधी नवी गाडीही...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

चावी बंद करून काढा. दहाचा पाना घ्या, बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींचं. आणि मग थांबा! अपघातात बॅटरीच तुटली तरी बॅग उडावी म्हणून एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो. तो रिकामा व्हायला कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या वायरमनकडून नको. नुसता फ्यूज काढून भागत नाही.

नंतर एअरबॅगच्या वायरींचे पिवळे कनेक्टर सोडा. त्यातली छोटी पट्टी बॅगेकडची दोन टोकं आपसात जोडते, म्हणजे भरकटलेला करंट आत घुसत नाही. ती पट्टी वाकवू नका. बॅगेला मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, कारण तपासणीचा तेवढा करंटही तिला पुरू शकतो. काढलेली बॅग टेबलावर ठेवताना झाकण वर. उलटी ठेवली आणि उडाली तर अख्खी वस्तू छताला. नेतानाही झाकण अंगापासून लांब धरा.

जोडताना बॅटरी सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा चावी फिरवताना आत कोणी बसलेलं नको, बॅगेसमोर डोकं तर नकोच.

डेंटिंगवाले, उठू नका, तुमचं राहिलं. पुढच्या बंपरमागे सेन्सर असतो. बॅटरी जोडलेली असताना तिथे हातोडा मारू नका, वेल्डिंग तर नाहीच. हो, हो, आलो, माइक घ्या.